चौथी सायकल

गाडीवर सायकली लादून कोकणात चाललोय, असं घरी फोनवर सांगितलं तेव्हा आजोबा थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही गाडीत बसणार आणि सायकली गाडीवर बसणार. मग चालवणार कोण?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आजोबांच्या काळी सायकल लांब न्यायची तर एसटीच्या टपावर टाकायची. 1948 साली पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं लाल गाडीच्या मागे शिडी आणि वर कठडा असायचाच. हमाल शिडीवरून सायकल वर न्यायचा, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आडवी टाकायचा, सुतळीने बांधायचा आणि पैसे घेऊन खाली उतरायचा. रॅक कोणता घ्यावा, हा प्रश्न आजोबांना आयुष्यात कधी पडला नाही. आम्हाला पडला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही आधी चुकीचं काढलं. ते चुकीचं उत्तर कसं काढलं, हे सांगण्यासाठीच हा लेख. आमच्यानंतर सायकल ग्रुप चालवणाऱ्या ज्युनिअर्सनी निदान पहिली स्टेप तरी आमची कॉपी करू नये.

आम्ही चौघं. कुणाचंही नाव घेत नाही, कारण हॉस्टेलमध्ये नाव सांगून कुणी ओळखतही नाही. कॉम्प्युटरवाल्याकडे नवी कोरी हायब्रिड, वजन 13 किलो. इलेक्ट्रिकलवाल्याकडे गिअरची, 14 किलो. सिव्हिलवाल्याकडे जाड टायरची एमटीबी, 16 किलो. आणि मी, मेकॅनिकल, ज्याच्याकडे सायकलच नाही, पण मशीन डिझाइनला वर्गात सगळ्यात जास्त मार्क. त्यामुळे रॅकचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

बेत असा होता: 26 जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागरला गाडीने जायचं. तिथून सायकलीने वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग जेटीवरून खाडी ओलांडून जयगड आणि पुढे गणपतीपुळे. गाडी वर्कशॉपच्या सरांची, सात सीटची. सर स्वतः चालवणार होते. "मला समुद्र बघायचाय, तुम्ही काय ते पेडल मारा," अशी त्यांची अट.

राहिली चौथी सायकल. ती मी मेसच्या मावशींच्या मुलीची मागितली. मुलगी नववीत. सायकल लेडीज, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, बंद चेनकव्हर. मावशींनी भिशीचा नंबर लागला तेव्हा घेतलेली. मी म्हटलं, "मावशी, सुट्टीचे तीनच दिवस." मावशी म्हणाल्या, "घेऊन जा की. नीट आण म्हंजे झालं." मुलीला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

रॅक शोधायला शहरात गेलो. ट्रेकिंगचं आणि सायकलचं सामान भाड्याने देणारं एक दुकान आहे. तिथे मागच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक मिळाला, दिवसाला 250 रुपये. घडी घालून खांद्यावर टाकता येतो. वरचे दोन पट्टे दाराच्या वरच्या कडेला, बाजूचे दोन बाजूंना, खालचे दोन खाली, आणि दोन हात मागे बाहेर आलेले. त्या हातांवर सायकलीचा आडवा दांडा ठेवायचा आणि रबरी पट्टीने आवळायचा. रॅकवर एक स्टिकर होता: सायकली 3, वजन 45 किलो.

आमच्याकडे सायकली 4. पण हातावर जागा होती हो! तीन लावून झाल्या तरी टोकाला चांगली वीतभर जागा उरत होती. आणि स्टिकरवर 45 लिहिलंय म्हणजे बनवणाऱ्याने मनात 90 धरले असणार, फॅक्टर ऑफ सेफ्टी दोन तरी असतोच, असं मी बाकीच्यांना समजावून सांगितलं. मशीन डिझाइनचे मार्क असे कामाला येतात.

लेडीज सायकलची आणखी एक अडचण होती. तिला आडवा दांडाच नसतो. तिरका असतो, आणि तो हातावर ठेवला की सायकल डोकं खाली करून लोंबते. अशा सायकलीसाठी सीटच्या नळीपासून हँडलपर्यंत बसवायचा तात्पुरता दांडा विकत मिळतो, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आम्ही मेसच्या मागची बांबूची काठी घेतली आणि सुतळीने बांधली. आजोबांचा हमालही सुतळीच वापरायचा. फक्त त्याची सायकल टपावर आडवी पडलेली असायची आणि आमची हवेत लोंबणार होती, एवढा बारीक फरक माझ्या लक्षात आला नाही.

सरांनी मंगळवारी संध्याकाळी येऊन बघितलं. त्यांनी स्टिकर वाचला, सायकली मोजल्या आणि फक्त एवढंच विचारलं, "हे जमतंय असं कोण म्हणतंय?"

"मी, सर."

"बरं. मग कॅम्पसला एक चक्कर मारू. तू मागे बघत बस."

आपल्या कॅम्पसमध्ये मेन गेटपासून हॉस्टेलपर्यंत नऊ स्पीडब्रेकर आहेत, हे सर्वांना पाठीच्या मणक्यातून माहीत आहेच. मी मागच्या सीटवर उलटा बसून काचेतून बघत होतो. पहिल्या तीन ब्रेकरला सगळं ठीक. चौथ्यानंतर रॅकचे हात किंचित खाली झुकल्यासारखे वाटले. वाटलं, काचेमुळे तसं दिसत असेल. पाचव्याला चारही सायकली एकदम उचलल्या जाऊन खाली बसल्या. सर म्हणाले, "काही?" मी म्हटलं, "नाही सर, ओके."

सहाव्याला बांबू हातावरून घसरला.

आवाज फारसा झाला नाही. बास्केट आधी रस्त्यावर टेकली, मग सायकल उलटी झाली आणि एक चाक हवेत फिरत राहिलं. तिच्या मागे साधारण वीस फुटांवर सिक्युरिटी काका स्कूटरवर होते. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, स्कूटर तिरकी झाली, एक पाय खाली टेकला, आणि त्यांचं पुढचं चाक सायकलच्या हँडलला अलगद लागून थांबलं.

काका ओरडले नाहीत. स्कूटर स्टँडवर लावली, सायकल उचलून बाजूला घेतली आणि म्हणाले, "पोरांनो, तुम्ही वीसच्या स्पीडनं होता, मी पण वीसच्या स्पीडनं होतो. म्हणून बोलतोय."

त्या रात्री मी हिशोब केला. वीस फूट म्हणजे साधारण 6 मीटर. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. 6 मीटर पार करायला तिला पाव सेकंदाच्या जरा वर वेळ लागतो. हायवेवर मागून मोटरसायकल असती, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये मूल असतं, तर त्यांना पाव सेकंद मिळाला असता. एवढ्या वेळात पाय ब्रेकवर पोहोचतही नाही. हा हिशोब मला आधी करता आला असता. आकडे तेच होते आणि कॅल्क्युलेटरही तोच.

सायकलची अवस्था सांगतो. मागच्या रिमचा आठाचा आकडा झाला होता. ब्रेकचा एक लिव्हर तुटलेला, चेनकव्हर चेपलेलं, बास्केट चपटी. मावशींना सांगायला मी एकटाच गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर पुन्हा लाटायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, उद्या शाळा आहे."

तेव्हा मला समजलं की शाळा चार किलोमीटरवर आहे. आणखी एक गोष्ट समजली. 26 जानेवारीला आम्हाला सुट्टी असली तरी तिला झेंडावंदन होतं, ती लेझीमच्या पथकात होती, आणि सकाळी साडेसहाला तिला शाळेत पोहोचायचं होतं. म्हणजे सायकल मोडली नसती तरी ऐन त्या दिवशी आम्ही ती कोकणात नेणारच होतो. मावशींनी हो म्हटलं, कारण मेसमध्ये काम करणाऱ्या बाईला हॉस्टेलच्या पोरांना नाही म्हणणं सोपं नसतं. हे मी तीन वर्षं तिथे जेवूनही कधी लक्षात घेतलं नव्हतं.

सिव्हिलवाल्याने मोठ्या मनाने आपली एमटीबी पुढे केली. म्हणाला, "चार दिवस ही वापर." मुलीने सायकलला एक फेरी मारून बघितलं आणि विचारलं, "हिला कॅरिअरच न्हाई. दप्तर कुठं ठिवू?" एकवीस गिअर, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, आणि दप्तर ठेवायला जागा नाही. सिव्हिलवाला निरुत्तर. मुलगी सकाळच्या एसटीने जाऊ लागली. संध्याकाळी तिच्या वेळेला एसटी नव्हती, त्यामुळे चालत येऊ लागली.

ट्रिप अर्थातच रद्द. जमवलेल्या पैशातून पहिले बाराशे सायकलला गेले: नवी रिम, स्पोक, लिव्हर, बास्केट. चाक बांधणं मी स्वतः करतो म्हटलं. सायकलच्या दुकानातल्या चाचांनी मला बसवून घेतलं. चाकाचा आउट काढणं हे काम बघायला सोपं आहे. चाक फिरवायचं, कुठे घासतं बघायचं, त्या बाजूचा स्पोक जरा सैल करायचा आणि समोरच्या बाजूचा जरा आवळायचा. मी पाऊण फेरी आवळायचो. चाचा म्हणायचे, "पाव, पाव. घाई केली की पळतो तो आउट, जात नाही." शुक्रवारी रात्री चाक सरळ झालं. शनिवारी सकाळी सायकल दिली. मुलीने आधी घंटी वाजवून बघितली.

रविवारी सरांनी चौघांनाही वर्कशॉपमध्ये बोलावलं. वाटलं, आता झाडणार. त्यांनी खडू दिला आणि म्हणाले, "गाडी काढ. फ्री बॉडी डायग्राम." वर्कशॉपच्या फरशीवर मी गाडीची मागची बाजू काढली, रॅक काढला, सायकली काढल्या.

आकडे असे आले. पहिल्या तीन सायकलींचं वजन 43 किलो, म्हणजे स्टिकरवरच्या 45 च्या आत. त्यांचा गुरुत्वमध्य दाराच्या कडेपासून सरासरी 35 सेंटिमीटर मागे. मोमेंट साधारण 148 न्यूटन-मीटर. आता टोकाला, 70 सेंटिमीटरवर, 17 किलोची चौथी सायकल टांगा. वजन झालं 60 किलो, म्हणजे 40 टक्के वाढ. पण मोमेंट झाला 265, म्हणजे जवळपास 80 टक्के वाढ. वजन जितकं वाढलं त्याच्या दुप्पट प्रमाणात रॅकचा पीळ वाढला, कारण आम्ही सगळ्यात गैरसोयीच्या जागी ते टांगलं होतं. हा सगळा पीळ वरच्या पट्ट्यांनी ओढून धरायचा. वरचा पट्टा आणि खालचा आधार यांत अर्धा मीटर अंतर धरलं, तर पट्ट्यांवर उभ्या गाडीत 54 किलोच्या आसपास ओढ येते. स्पीडब्रेकरवर सायकली उसळून आदळतात तेव्हा ती तिप्पट धरली तर 160 किलो. पट्टा तुटला नाही. तो थोडासा ताणला आणि बकलमधून थोडासा सरकला. तेवढ्याने हात झुकले, आणि झुकलेल्या हातावरून गोल बांबू घसरला. काहीही न मोडता अपघात झाला होता.

"फॅक्टर ऑफ सेफ्टी दोन असतो म्हणालास ना?" सर म्हणाले. "तो कशासाठी असतो? खड्ड्यांसाठी, जुन्या पट्ट्यासाठी, नीट न आवळलेल्या बकलसाठी. तो बनवणाऱ्याने ठेवलेला असतो. आपण वापरायला नाही."

मग आम्ही रॅकची निवड पहिल्यापासून सुरू केली. या वेळी सायकलींपासून नाही, गाडीपासून.

पट्ट्यांचा रॅक वाईट नसतो. दोन-तीन हलक्या सायकली, जवळचं अंतर, दाराची कड पत्र्याची, आणि हुक काचेवर किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरवर न येणारा, एवढं जमलं तर तो स्वस्त आणि सुटसुटीत. पण तीन सायकली लावल्या की नंबर प्लेट झाकली जाते, ब्रेकचे दिवे झाकले जातात, आणि मागचं दार उघडत नाही. नंबर प्लेट आणि दिवे दिसले पाहिजेत हा नियम आहे. नियम बाजूला ठेवला तरी मागच्या माणसाला आपण ब्रेक दाबलाय हे कळणं त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. तो मागचा माणूस आम्ही बघितलेला होता.

दुसरा प्रकार गाडीच्या मागे ट्रेलर ओढायच्या हुकावर बसणारा. अमेरिकेत आणि युरोपात हाच जास्त पसंत केला जातो. वजन थेट चासीवर जातं, सायकली चाकांवर उभ्या राहतात, दांड्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे लेडीज सायकल चालते, जड बॅटरीची ई-बाईकही चालते. युरोपात अशा रॅकला स्वतःचे दिवे आणि दुसरी नंबर प्लेट लावायची जागा असते. आपल्याकडे साध्या गाड्यांना असा हुक सहसा नसतो, आणि कुठेतरी वेल्डिंग करून बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. इलेक्ट्रिकलवाल्याने "आपणच वर्कशॉपमध्ये बनवू की" असं म्हणून बघितलं. सरांनी फक्त फरशीवरच्या डायग्रामकडे बोट दाखवलं.

तिसरा प्रकार मागच्या दारावर स्टेपनी असते त्या गाड्यांसाठी, स्टेपनीवर बसणारा. सरांच्या गाडीची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली. विषय संपला.

चौथा टपावरचा. म्हणजे फिरून आजोबांच्या एसटीवरच आलो. दोन आडवे बार, त्यांवर प्रत्येक सायकलीला एक लांब ट्रे, सायकल उभी, चाकं ट्रेमध्ये बांधलेली, आणि एक हात फ्रेमला धरून ठेवणारा. काही प्रकारांत पुढचं चाक काढून फोर्क पकडतात. दिवे मोकळे, नंबर प्लेट मोकळी, मागचं दार मोकळं. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव स्वीडनच्या थुले कंपनीचं. ती 1942 साली सुरू झाली तेव्हा कोळ्यांसाठी मासे पकडायचे सापळे बनवत होती, हे वाचून आम्हाला बराच धीर आला. माणूस चुकीच्या विषयातून सुरुवात करूनही योग्य जागी पोहोचू शकतो.

पण टपालाही मर्यादा असते, आणि ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेली असते. ती कुणी वाचत नाही. सरांच्या गाडीची होती 75 किलो. कॉम्प्युटरवाला लगेच म्हणाला, "43 आहेत, आणखी 32 बाकी!" सर म्हणाले, "रॅकचं वजन कोण उचलणार?" मर्यादा 75 ची म्हणजे बार, ट्रे, सायकली सगळं धरून. बार 5 किलो, तीन ट्रे 12 किलो, सायकली 43. झाले 60.

चौथ्या सायकलीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मी म्हटलं, मी गाडीतूनच येतो. खरं तर मावशींची सायकल पुन्हा मागायची माझी छाती नव्हती, आणि कुणाची रोजच्या कामाची सायकल हौसेसाठी मागायची नाही, हे ठरलं होतं. सर म्हणाले, "माझी जुनी आहे घरी. बावीस इंची. वजन करून आण." मेसच्या पोत्यांच्या काट्यावर ती ठेवली. 22 किलो, स्टँडसकट. टपावर ठेवली असती तर ट्रेसकट 86 झाले असते. मर्यादेच्या 11 किलो वर.

पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, अकराच किलो तर आहेत. या वेळी मी पाना शोधायला गेलो.

ती सायकल दोन्ही चाकं काढून आत गेली. पुढचं चाक दहा मिनिटांत निघालं. मागचं काढायला बंद चेनकव्हरामुळे दीड तास लागला, आणि त्या दीड तासात चौघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. शेवटची सीट पाडून, सतरंजीत गुंडाळून, तिरकी ठेवली तेव्हा मागचं दार कसंबसं बंद झालं. बार आणि तीन ट्रे भाड्याने, 1500 रुपये आणि अनामत 5000.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला निघालो. आधी टेप लावून उंची मोजली: जमिनीपासून हँडलपर्यंत 2 मीटर 95. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवलं: "वर सायकली आहेत. 2.95." नऊही स्पीडब्रेकर पार केले. पंचवीस किलोमीटरवर सरांनी गाडी बाजूला घेतली आणि सगळे पट्टे तपासायला लावले. दोन पट्टे एकेक दाता सैल झाले होते. नवीन बांधलेला पट्टा आधी जरा ताणतो आणि मग बसतो, त्यामुळे ही तपासणी सोडायची नाही. उरलेली शेपटंही बांधून टाकायची, नाहीतर वाऱ्याने ती टपावर ताशा वाजवत राहतात.

टपावर सायकली असल्या की गाडी चालवायला वेगळी लागते, असं सर म्हणत होते. वळणावर वरचं वजन कलतं, आडवा वारा आला की गाडी ढकलल्यासारखी होते. त्यांनी वेग सत्तरच्या वर नेलाच नाही. एरवी 14 चा ॲव्हरेज देणारी गाडी साडेअकरावर आली. कोयनानगरला चहा, कुंभार्ली घाटात प्रत्येक वळणावर आमच्या सगळ्यांच्या माना वर. चिपळूण सोडल्यावर गुहागरच्या रस्त्याला आंब्याच्या फांद्या खाली आलेल्या. दोन ठिकाणी मी उतरून पुढे चालत गेलो आणि हात वर करून फांदी मोजली. पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरायच्या आधीही. बाकीचे हसत होते. मला हसू येत नव्हतं.

प्रवासाचं वर्णन करत नाही. समुद्र होता तिथेच आहे, ज्याला बघायचाय त्याने जावं. एवढंच सांगतो, की हेदवीच्या चढावर ती बावीस किलोची सायकल मी ढकलत नेली, आणि तवसाळच्या उतारावर तीच सगळ्यांत पुढे होती. जेटीवर गाडी आणि आम्ही एकाच बोटीतून जयगडला उतरलो. सरांनी पाणी बघितलं. अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत.

रविवारी रत्नागिरीहून आंबा घाटाने परत. कॅम्पसमध्ये आलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. सर क्वार्टर्सवर उतरले. सायकली उतरवून गाडी आणून द्या म्हणाले. सिव्हिलवाल्याने गाडी हॉस्टेलकडे घेतली. सगळे अर्धवट झोपेत. सामान उतरवायला गाडी पोर्चमध्ये घ्यायची, ही सवय. आपल्या हॉस्टेलच्या पोर्चची उंची 2 मीटर 70 आहे. मी ती जाताना मोजलेली होती. कागद समोर चिकटलेला होता. आणि आम्ही चौघंही त्या कागदाकडे बघत पोर्चकडे चाललो होतो.

शिट्टी वाजली. जोरात, लांब. सिव्हिलवाल्याने ब्रेक दाबला. सिक्युरिटी काका खुर्चीवरून उठून टॉर्च वर टपावर मारत होते. पोर्चची कड आणि कॉम्प्युटरवाल्याचं हँडल यांत एक हात अंतर राहिलं होतं.

काका जवळ आले आणि म्हणाले, "या वेळी मी पुढं होतो, एवढंच."

दोन दिवसांत पाचशेच्या आसपास किलोमीटर, दोन घाट, एक खाडी सुखरूप पार करून आम्ही शेवटच्या दहा फुटांत सगळं घालवलं असतं. कागद लिहिला होता, पण लिहिलेलं वाचायला माणूस जागा लागतो. तेव्हापासून नियम केला: टपावर सायकली असताना पोर्चच्या बाहेरच्या आंब्याखाली गाडी थांबवायची, आणि ड्रायव्हरशेजारी जो बसेल त्याने झोपायचं नाही.

आता ज्युनिअर्ससाठी, व्हायवाला येईल असं, थोडक्यात. आधी गाडीचं मॅन्युअल, मग रॅक, मग सायकली. टपाच्या मर्यादेत रॅकचं वजन धरायचं. मागच्या रॅकवर सगळ्यात जड सायकल गाडीच्या सगळ्यात जवळ. स्टिकरवर तीन लिहिलंय तर तीन. पंचवीस किलोमीटरवर थांबायचं. चौथी आत, नाहीतर घरी. आणि काही जमत नसेल तर सरळ छोटा हत्ती सांगायचा. खाली गाद्या टाकून सायकली आडव्या झोपवायच्या, भाडं चौघांत वाटून घ्यायचं. त्यात कमीपणा काही नाही, आजोबा तर खूशच होतील.

रॅकचे कागद, मापं आणि आमचा तो डायग्राम वहीत उतरवून सायकल ग्रुपच्या कपाटात ठेवला आहे. बांबूची काठीही तिथेच ठेवली आहे, सुतळीसकट.

मावशींच्या मुलीची सायकल अजून त्याच चाकावर चालते. सकाळी पावणेसातच्या सुमारास ती हॉस्टेलच्या गेटवरून जाते तेव्हा मी बहुतेक वेळा झोपेतच असतो. पण जाग आली, तर खिडकीत उभा राहून मागचं चाक बघतो. किंचित आउट आहे, डावीकडे, एखादा मिलिमीटर. परीक्षा संपली की मावशींना विचारून, आणि मुलीला विचारून, तो काढणार आहे. पाव, पाव फेरीने.